फुटलेला सुळका

हाज बुअज्जाचा हिशेब साधा होता. साखरेचे दोन शंकूसारखे टणक सुळके, दोन-दोन किलोंचे, निळ्या कागदात गुंडाळलेले आणि वरून क्लबाच्या रंगाची हिरवी-पांढरी फीत बांधलेले; एक खोकं दूध; आणि खजूर, तेही मेहुण्याच्या दुकानातले, म्हणजे अर्ध्या किमतीत. एवढं खर्चून त्याला पाच हंगामांसाठी एक डावा पाय मिळायचा होता. सला शहरात उजवे पाय गल्लोगल्ली सापडतात. पण धावता धावता, मान वर न करता, चेंडू पलीकडच्या खांबाशी नेऊन ठेवणारा डावा पाय दहा वर्षांत एखादा निघतो, आणि तबरिकत मोहल्ल्यात गाद्या-बैठकी विकून हाज झालेल्या माणसाला लोकर हाताला लागताच तिचा भाव कळतो, तसा हा पायही कळला होता. मुलींच्या संघाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या लक्षात आलं होतं की मुलींचे बाप कागदाला घाबरतात, पण साखरेपुढे पाघळतात. म्हणून तो करारनामा खिशात ठेवायचा आणि साखर हातात घेऊन यायचा, सोयरीक मागायला यावं तसा. पहिल्या वर्षी लोक हसले, पण दुसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. साखर घरात आली म्हणजे विचारणा झाली. कपाटावर शाबूत राहिली म्हणजे घर विचार करतंय. परत गेली तर नकार, आणि कोणी त्याचा राग धरायचा नाही. पण एकदा फोडली की फोडली. मग कागद हा नुसता शिक्क्याचा प्रश्न.

रिहाबला, म्हणजे त्या डाव्या पायाच्या मुलीला, काय मिळणार, तेही हाजने बैठकीवर मांडी ठोकून बोटांवर मोजलं होतं. महिना अडीच हजार दिरहम (वेळेवर आले तर, पण हे बोट त्याने उघडलं नाही), हंगामाला बुटांचा एक जोड, आणि ‘घरची मुलगी घराजवळ.’ हे शेवटचं तो तिच्या बापाकडे बघून बोलला, कारण ते बापाला मिळणार होतं. बाप, सी मक्की, उल्जाच्या कुंभारवाड्यात दुसऱ्याच्या भट्ट्या पेटवणारा माणूस. त्याच्या दारात आजवर साखर घेऊन कोणी आलं नव्हतं. तो सुळक्यांकडे असा बघत राहिला, जसा भट्टी उघडताना बघतो: आत काय तडकलंय, काय टिकलंय. मग त्याने ते दोन्ही उचलून कपाटावर ठेवले आणि म्हणाला, “विचार करून सांगतो, हाज.” रिहाब दाराआड उभी होती. ‘विचार करून’ हे शब्द बाच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकले आणि तिला बाचा अभिमान वाटला. पुढे पंधरा दिवस त्याच दोन शब्दांवर तिने दिवस काढले.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी अडीचला, ती जिना चढून वर आली, दारात वाकून बूट काढू लागली, मोज्यांतून कृत्रिम गवताचे काळे रबरी दाणे नेहमीसारखे फरशीवर सांडले, आणि खाली झुकलेल्या डोळ्यांसमोर, बैठकीपुढच्या बुटक्या मेजावर, तिला निळा कागद दिसला. फाटलेला. त्याच्या मधोमध साखर. शेंडा गेलेली, दातेरी, एका बाजूने खरवडून निघालेल्या डोंगरासारखी. शेजारी पितळी हातोडी. फीत नीट गुंडाळून ठेवलेली, कारण यम्मा, तिची आई, कुठलीही फीत फेकत नसे. पुदिना घातलेली किटली, दोन पेले, एक रिकामा, एक अर्धा. रिहाबचा एक बूट पायात होता, एक हातात. तिला आधी काहीच वाटलं नाही. फक्त सरावात कधी तरी पोटात चेंडू बसल्यावर जसं एक क्षण सगळं ऐकू येणं बंद होतं, लांबच्या मैत्रिणींचे ओठ हलताना दिसतात, तसं झालं. ओठ यम्माचे हलत होते. यम्मा हसत होती.

“चुकलीस गं! आत्ताच गेली. रबातवाली. केवढी साधी बाई! मी म्हटलं कुसकुस घ्या, तर म्हणाली, मावशी, मला फेस शहरात पोचायचंय संध्याकाळपर्यंत. पण चहा प्यायली हो. एक पेला पूर्ण प्यायली.”

“यम्मा, साखर कोणी फोडली?”

“मीच. मग काय करू? डबा रिकामा. परवा गल्लीतल्या ड्रीसच्या बायकोच्या घरी मयतीला होती नव्हती ती सगळी साखर घेऊन गेले, विसरलीस? खाली दुकान नमाजाला बंद. बाई दारात. बिनसाखरेचा चहा देऊ पाहुणीला? तोंड दाखवायला जागा राहिली असती का आपल्याला?”

“शेजारी बतूलकडून आणायची होतीस.”

“बतूलकडून!” यम्माने आवाज खाली आणला, भिंतीकडे बघितलं. “लाल्ला बतूलला कळलं असतं रबातची माणसं आलीत, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या तबरिकतची नजर लागली असती तुझ्या पायाला. तूच म्हणाली होतीस ना, कुणाला सांगू नकोस म्हणून?”

म्हणाली होती. रिहाबने हातातला बूट खाली ठेवला. म्हणाली होती, हे खरं होतं. रबातच्या क्लबाची प्रशिक्षक, उस्तादा नजात, हिने फोनवर विचारलं होतं, शुक्रवारी येऊ की रविवारी, आणि शुक्रवार हा तिनेच निवडला होता, तोही हिशेब करून: बा मशिदीतून दोनला येईल, नमाजाने आणि कुसकुसच्या वासाने मऊ झालेला असेल, यम्मा आधीच आपल्या बाजूची आहे, उस्तादा बोलेल, बा नाही म्हणायला लाजेल, आणि रविवारी साखर जशी आली तशी, फितीसकट, हाजच्या दुकानात परत जाईल. असा तिने सामना मांडला होता, कोण कुठे उभं राहील ते ठरवून. फक्त ती स्वतः जागेवर नव्हती. सकाळच्या सरावाला गेली नसती तर कोच फदीलाला संशय आला असता, म्हणून गेली. सराव साडेबाराला संपला. मग रोजचे दहा. कोपऱ्यावरून डाव्या पायाने दहा चेंडू, रोज, ती नऊ वर्षांची असल्यापासून. आणि दहावा गोलात गेल्याशिवाय घरी जायचं नाही, हा तिचा स्वतःशी केलेला करार, ज्यावर कुणाचा शिक्का नव्हता. आज दहावा आडव्या खांबाला लागला. अकरावाही. बारावा भिंतीपलीकडे गेला आणि तो आणायला फाटकाला वळसा घालावा लागला. ती चरफडली नाही. उलट आतून कुठे तरी बरं वाटलं, की अजून थोडा वेळ काही ठरणार नाही. सतराव्या चेंडूने जाळं हललं. ट्राम चुकली होती.

पलीकडच्या काठावर, रबातच्या क्लबात चाचणी द्यायला, ती एकदाच गेली होती, मागच्या महिन्यात, कुणाला न सांगता. नदीवरच्या पुलावरून ट्राम जाताना तिला बा नेहमी म्हणतो ते आठवलं होतं: नदीचं दूध झालं आणि वाळूचे मनुके झाले, तरी रबातवाला सलावाल्याचा मित्र व्हायचा नाही. मैदान खऱ्या गवताचं होतं. पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा तळवा किंचित आत गेला, जमिनीने तो धरून पुन्हा सोडला, आणि तिला भलतीच लाज वाटली, जणू कुणाच्या धुतलेल्या चादरीवर उभं राहिलोय. नजात कडेला पेनाचं टोपण चावत उभी होती. चाळिशीची, आखूड केसांची, गुडघ्यात जुनं दुखणं असलेली. अर्ध्या तासाने ती एवढंच बोलली, “उजवा पाय फक्त ट्राममध्ये चढायला ठेवलायस का गं?” बाकीच्या मुली हसल्या आणि रिहाबही हसली, आणि त्या हसण्यात तिला कळलं की आपल्याला इथे राहायचंय. इतकं साफ, इतकं भीतिदायक तिला आधी कधी काही हवं वाटलं नव्हतं. वसतिगृहातल्या खोलीत दोन खाटा होत्या आणि खिडकीतून नदी नव्हे, निलगिरीची झाडं दिसत होती. ती परत येताना ट्रामच्या काचेवर डोकं टेकून मोजत होती: पैसे नाही, आणखी किती दिवस कुणालाही न कळता आपण हे पोटात ठेवू शकू, ते.

“तिने काही विचारलं?” तिने यम्माला विचारलं.

“काय विचारणार? तुझं जेवण, तुझी झोप. आणि फितीकडे बघून म्हणाली, ही साखर कुणाकडची, मावशी? मी म्हटलं, हाज बुअज्जाची, अल्ला त्याचं भलं करो, पंधरा दिवसांपूर्वी घेऊन आला होता. लपवायचं कशाला? आपण साखर चोरली थोडीच.” यम्मा पेले उचलू लागली. “मग म्हणाली, अल्ला सगळं शुभ करो. मी म्हटलं, आमीन.”

रिहाब गच्चीवर गेली. धुणं वाळत होतं, टीव्हीच्या तबकड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसल्या होत्या, नदीच्या पलीकडे रबातच्या भिंती दुपारच्या उजेडात विटक्या दिसत होत्या. फोन दुसऱ्या वेळी उचलला गेला. मागे गाडीचा आवाज होता.

“उस्तादा, मी रिहाब.”

“ओळखलं. तुझ्या यम्माच्या हातचा चहा फार चांगला होता.”

“उस्तादा, ती साखर... घरात दुसरी नव्हती. यम्माला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण तिच्या ध्यानात नाही आलं. तिने फक्त चहासाठी...”

“मला कळलं,” नजात म्हणाली. “डबा उपडा घातलेला दिसला मला आत. मी पण याच देशात वाढलेय, पोरी.”

“मग?”

“मग असं की, मी ती प्यायले. सोमवारी हाज बुअज्जा संघटनेच्या पायरीवर उभा राहून सांगेल की रबातची बाई माझी साखर पिऊन माझी मुलगी घेऊन गेली. आणि खोटं नसेल ते. मग कागद अडतील. दोन महिने, चार महिने. तेवढे दिवस तू ना इथे खेळशील ना तिथे. आणि माझ्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे, रिहाब. जागा एक आहे. फेसच्या मुलीच्या घरी कोणी साखर आणलेली नाही.”

“ती उजव्या पायाची आहे.”

“आहे. चालवून घेईन.”

“मी आत्ता येते. ट्रामने येते, तुम्ही थांबा, मी सही करते.”

“तू सतरा वर्षांची आहेस. तुझी सही म्हणजे तुझ्या बाची सही.” आवाज रागावलेला नव्हता, तो रागावलेला असता तर बरं झालं असतं. “पाय जप. पाच वर्षं काही फार नसतात.” मग तिला स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण तिने लगेच फोन ठेवला नाही, ती काही तरी बोलेल म्हणून रिहाब वाट बघत राहिली, आणि कदाचित तीही तशीच वाट बघत राहिली, आणि मग बोगदा लागला असेल किंवा काही, फोन बंद पडला. रिहाबला गंमत वाटली की आपण रडत नाही. तिला आठवलं, आठ वर्षांची असताना उल्जाला बाच्या हातून ओल्या गिलाव्याचा मोठा माठ निसटून तिच्या उजव्या पायावर पडला होता, अंगठा चेचला, दोन महिने प्लास्टर; तेव्हाही ती रडली नव्हती, प्लास्टरवर टेकून डाव्या पायाने गल्लीत बाटलीची बुचं उडवत बसली होती. डावा पाय तिथून निघाला. पुढे ती खेळायला लागल्यावर बा चहाच्या टपरीवर लोकांना सांगायचा, “हा पाय माझ्या माठाचा आहे, बरं का!” लोक हसायचे, तीही हसायची. आता गच्चीवर तिला पहिल्यांदा वाटलं की हे बोलणं तसं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्याच्या हातून माठ निसटतो, तो पुढे पायावर हक्क सांगतो. पण हाही राग टिकला नाही. बाने माठ मुद्दाम टाकला नव्हता. कोणीच काही मुद्दाम करत नव्हतं.

खाली आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि शोधू लागली. फळीवरचे डबे, पिठाच्या पिंपामागे, तेलाच्या कॅनखाली, रमजानच्या भांड्यांच्या पेटीत, जिथे यम्मा बदाम लपवते त्या जुन्या किटलीत. आपण काय शोधतोय हे तिला अर्ध्यावर कळलं: साखर. कुठे तरी एखादी पुडी, वड्यांचं एखादं उघडं खोकं, मागे पडलेलं, विसरलेलं, किंवा विसरलेलं नव्हे तर ठेवलेलं. ते सापडलं असतं तर यम्माने हे जाणूनबुजून केलं असतं. यम्माला मुलगी घरात हवी होती, नदीपलीकडे नको होती, म्हणून हातोडी उचलली, असं झालं असतं. मग ओरडता आलं असतं, दार आपटता आलं असतं, महिनाभर न बोलता राहता आलं असतं. तिने देवाकडे एक पुडी मागितली. डबा ओट्यावर उपडा होता, धुतलेला, आतून एकही दाणा चिकटलेला नव्हता. यम्मा डबा रिकामा झाला की लगेच धुऊन ठेवते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. यम्मा दारात उभी राहून बघत होती.

“काय पाहिजे तुला?”

“काही नाही.”

“मी काही चुकीचं केलं का, रिहाब?”

हा प्रश्न तिने इतक्या हळू विचारला, की उत्तर दिलं नाही तरी चाललं असतं. यम्मा गेले दहा दिवस रात्री बाच्या कानाशी बसून पलीकडच्या क्लबाच्या बाजूने बोलत होती. गुरुवारी बा शेवटी म्हणाला होता, “बघू, रविवारी.” यम्माने ते सकाळी येऊन रिहाबच्या अंथरुणावर बसून सांगितलं होतं आणि तिचे पाय दाबले होते, डावा जास्त वेळ. त्या बाईला आता काय सांगायचं? रिहाब ‘नाही’ म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात जिन्यात आवाज आले. दोन माणसांचे.

बा एकटा नव्हता. मशिदीच्या दारात हाजची गाठ पडली होती आणि शुक्रवारची कुसकुस खायला तो हाजला हाताला धरूनच घेऊन आला होता. “या हाज, या. बिस्मिल्ला,” बा म्हणत होता, आणि त्याचा आवाज जरा चढा, जरा घासलेला होता, जसा एखादं अवघड वाक्य पाठ करून आलेल्या माणसाचा होतो. हाज आत आला, पायातले जोडे काढले, डोळे वर केले. मेजावर यम्माने अजून आवरलेलं नव्हतं. निळा कागद तसाच पसरलेला होता.

रिहाबने बापाकडे पाहिलं. बाचा चेहरा भट्टी उघडल्यावर होतो तसा झाला होता. पण आत तडकलं होतं की टिकलं होतं, तेव्हा तिला कळलं नाही. हाजने मात्र घाई केली नाही. त्याने डोकं थोडं खाली घातलं, म्हणजे आपला आनंद यजमानाला फार दिसू नये, आणि मग दोन्ही तळवे वर करून म्हणाला, “सी मक्की, तू मला न सांगता मला मोठं केलंस! चल, ठरलं म्हणून फातिहा म्हणू.”

“हाज, ऐका...” बा म्हणाला.

“बोलायचं ते नंतर बोलू. आधी अल्लाचं नाव.”

आणि बाचे हात वर गेले. यम्मानेही ओढणीखालून हात पुढे केले, कारण फातिहा चालू झाल्यावर हात खाली ठेवणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. रिहाबने आपल्या हातांकडे पाहिलं तर तेही वर गेलेले होते. तळव्यांच्या रेघांत गवताचे काळे दाणे बसले होते. ती ते मोजत राहिली. हाज म्हणत होता, सगळे ओठ हलवत होते, आणि शेवटी ‘आमीन’ झाल्यावर सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, तिनेही फिरवले. एक दाणा गालाला चिकटला तो हाजला दिसला आणि तो हसला. “बघा, बघा, मैदान हिला सोडत नाही.” मग सगळे कुसकुस खायला बसले. हाजने तिच्या बाजूला गाजर आणि मांसाचा चांगला तुकडा सरकवला. खेळाडूने खायला पाहिजे.

सोमवारी सह्यांवर शिक्कामोर्तब करायला ती आणि बा कचेरीत गेले. रांग जिन्यापर्यंत आली होती. लोक मोटारीचे, भाड्याचे, वारसांचे कागद छातीशी धरून उभे होते. बाकड्यावर जागा मिळाली तेव्हा बा बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, “मी त्या दिवशी हाजला जेवायला का आणला होता, माहीत आहे?”

“का?”

“साखर परत द्यायला. माणसाला जेवू घालून, हातात हात घेऊन परत द्यावी, म्हणजे त्याचा मान राहतो. तुझ्या यम्माला म्हटलं होतं रविवारी. पण जुम्म्याच्या दिवशी, शुक्रवारी, चांगलं काम उरकावं म्हटलं.” त्याने हातातल्या कागदाची घडी सरळ केली. “जिन्यात मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललात, बा?”

“फुटलेली साखर परत देतात का कुणी?” बा म्हणाला. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

रिहाबने ते ऐकून घेतलं. खरं असेल. बा खोटं बोलत नाही. पण सोमवारी असं म्हणायला काही मोजावं लागत नाही, आणि शुक्रवारी म्हणायला फार मोजावं लागलं असतं. हे नाणं दाताखाली धरून तपासण्यासारखं नव्हतं. ते खरं मानलं तर सगळं आणखी वाईट होत होतं, आणि खोटं मानलं तर बा हातचा जात होता, म्हणून तिने ते तसंच, न वाजवता, आत ठेवून दिलं. तिला एकदम आठवलं की जिन्यात बाचा आवाज घासलेला होता. मग तिला वाटलं, उन्हातून चढून आल्यावर तसा होतोच.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला. “काय, लग्न?”

“फुटबॉल,” बा म्हणाला.

“मुलगी?” त्याने चष्म्यावरून पाहिलं. “कुठल्या पायाची?”

“डाव्या,” बा म्हणाला, आणि एवढं सगळं होऊनही त्याच्या आवाजात तो जुना टपरीवरचा सूर आलाच. “आमच्या माठाची कृपा.”

“मब्रूक,” कारकुनाने अभिनंदन केलं आणि शिक्का मारला. शिक्का थोडा तिरका बसला, वर्षाचा आकडा अर्धाच उमटला. रिहाबला वाटलं तो आता म्हणेल, हा चालणार नाही, नवा कागद आणा. पण त्याने फुंकर घातली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर नदीच्या दिशेने ट्राम गेली. बाने विचारलं, आज सराव आहे का. आहे, ती म्हणाली. जा मग, तो म्हणाला, उशीर नको. ती गेली. कोपऱ्यावरून दहा मारले आणि दहावा पहिल्याच फटक्यात आत गेला.

फुटलेला सुळका त्या घरात जवळजवळ दीड महिना पुरला. दुसरा कपाटावरच राहिला, निळ्या कागदात, फितीसकट; यम्मा म्हणते तुझ्या लग्नाला होईल. हाजने अडीच हजार पहिल्या महिन्यात वेळेवर दिले. फेसची मुलगी नदीपलीकडे खेळते, आणि तिचे गोल बातम्यांत दाखवतात. बरी आहे, पण चेंडू ठेवायच्या आधी एकदा मान वर करून बघते. लाल्ला बतूलला शेवटी सगळं कळलंच, तेही फुकट. बाला टपरीवर आता चहाचे पैसे कोणी द्यायला लावत नाही. नजातच्या वाट्याला एक पेला चहा आला, आणि हातचा डावा पाय गेला. राहिली यम्मा. त्या शुक्रवारपासून ती चहात साखर घेत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, डॉक्टरने सांगितलंय. डॉक्टरकडे ती गेलेली नाही. दुपारी सगळ्यांना ओतून झाल्यावर ती आपल्या पेल्यातही चमचा फिरवते, नुसताच, आवाज व्हावा म्हणून, आणि रिहाबला ते कळत नाही असं समजते. रिहाबही चमचा फिरवते. दोघी समोरासमोर बसून कडू चहा पितात, आणि बा मधे बसून, तीन खडे टाकून, विचारतो की आज पुदिना जरा जास्त झालाय का.